जर्दाळूचा कोपरा

प्रिय ठके,

पाकिटावर तुझं शाळेतलं चांगलं नाव घातलंय, कारण ठकी कोण ते पोस्टमनला कळायचं नाही. आत मात्र तू ठकीच. तिकडे चष्म्याच्या दुकानात तुला सगळे मॅडम म्हणतात म्हणून बापानंही म्हणावं असं काही नाही. आणि पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळे बरे आहेत. सगळे म्हणजे आम्ही दोघं.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. पण फोनवर आपलं होतं ते काय बोलणं आहे? तू विचारतेस, जेवलात का. मी म्हणतो, हो. मी विचारतो, थंडी आहे का. तू म्हणतेस, आहे. मग दोघंही मूग गिळून बसतो आणि कुणीतरी फोन ठेवतं. ‘आईला देऊ का’ असं मी विचारत नाही, आणि ‘आईला द्या’ असं तू म्हणत नाहीस. तू शेवटची येऊन गेलीस तेव्हापासून हे असं चाललंय. तू पुन्हा या दारात पाऊल टाकशील की नाही, मला ठाऊक नाही, आणि विचारायला जीभ रेटत नाही. एक लेकरू गेलं ते गेलं. दुसरं जिवंत असून हातचं जातंय की काय, एवढंच सध्या डोक्यात असतं. तेही कारखान्याच्या यंत्रासारखं. सारखं चालू असलं की माणसाला ऐकू येईनासं होतं.

माझं लिहिणं तुला माहीत आहे. शाळा चौथीत सुटली. पुढची भाषा शिकलो ती गिऱ्हाइकाचं कापड ज्या वर्तमानपत्रात गुंडाळून यायचं ते वाचून. म्हणून मध्येच एखादं वाक्य अग्रलेखासारखं आलं तर हसू नकोस. दुसरी शिंप्याची खोड अशी की अस्तर आधी, कोट मागाहून. ज्यासाठी लिहायला बसलोय ते शेवटी येईल. तोवर धीर धर आणि वाच.

दुकान चालू आहे. हल्ली नवीन शिवण घेत नाही. चेनी बदलणं, पॅंटी आखूड करणं, कॉलर उलटवणं, असली किडूकमिडूक कामं करतो. दुपारनंतर काळा दोरा कुठला आणि निळा कुठला ते बघायला उंबऱ्याबाहेर उन्हात जावं लागतं. मोतीबिंदू पिकायला आलाय म्हणे. लेक जगाला चष्मे लावते आणि बापाच्या डोळ्यावर पडदा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तू रागावशील म्हणून सांगितलं नव्हतं. आता सांगितलं, कारण पुढे ते लागणार आहे. मध्ये एकदा एका बाईंचा पांढरा झगा हातशिलाईला घेतला होता. कापडावर लाल ठिपका दिसला तेव्हा कळलं की सुई बोटात गेलीये. दुखलं नव्हतं. बोट पुसलं, ठिपका थंड पाण्यानं धुतला, झगा दिला. बाई म्हणाल्या, छान झालाय. अलीकडे सगळंच असं आहे. कळतं, पण मागाहून, आणि तेही कापडावर दिसलं तर.

आता वड्यांचं. ओट्सच्या भरल्या वड्या घरात कशा सुरू झाल्या ते तुला सांगायला नको, पण सांगतो, कारण मला त्यातून जायचंय. तुम्ही दोघं लहान असताना तुझी आई दर रविवारी एक ट्रे भाजायची. खाली ओट्सचा थर, मध्ये शिजवलेलं फळ, वर ओट्सचा चुरा. आधी सगळ्या ट्रेभर सफरचंद असायचं. मग दादानं जर्दाळूचा हट्ट धरला. त्याला जर्दाळू म्हटल्यावर तू आलुबुखारावर अडून बसलीस, कारण त्याला जे हवं ते तुला नको असायचं. मीही मग वाहत्या गंगेत हात धुवून घेतले आणि अंजीर मागितलं. आई दिवसभर कारखान्याच्या टेलिफोन खोलीत बसून लोकांना एकमेकांशी जोडून द्यायची, तिला भांडणं तोडायची सवय होती. तिनं एकाच ट्रेचे चार कोपरे केले. मध्ये ओट्सचे बांध घातले. वरच्या डाव्या कोपऱ्यात तिचं सफरचंद, त्याच्या उजवीकडे दादाचा जर्दाळू, सफरचंदाच्या खाली तुझा आलुबुखार, आणि उरलेल्या कोपऱ्यात माझं अंजीर. वरून सगळं सारखंच दिसायचं. म्हणून ट्रेत घातलेल्या कागदाला तिच्या कोपऱ्यात मी कात्रीनं एक खाच पाडून द्यायचो, आम्ही पुढचा आणि पाठचा भाग जुळवायला कापडाला पाडतो तशी. खाच सापडली की बाकीचे तिघं आपोआप सापडायचे. दादा तुझ्या बाजूचा बांध कोरायचा ते आठवतं? मधल्या टोकाशी जिथे चौघांचे कोपरे भेटायचे तिथून चमचा घालून तुझा आलुबुखार काढायचा, आणि तू ‘बांध कोरला, बांध कोरला’ म्हणून घर डोक्यावर घ्यायचीस. मी म्हणायचो, कोर्टात जा. तू खरंच तुझ्या आईकडे जायचीस, आणि ती निकाल द्यायची की पुढच्या रविवारी त्यानं ट्रे घासायचा.

दादा त्या धुक्याच्या सकाळी लिफ्ट दुरुस्तीला म्हणून मोटारसायकलवर निघाला आणि पुलापलीकडे पोचला नाही, त्यानंतर आईनं ओव्हनला हात लावला नाही. ती बोलायचीही कामापुरतंच. दूध आलंय. पंखा बंद करा. इस्त्रीवाला येऊन गेला. सगळं जग जोडून दिलेल्या बाईनं स्वतःची तार काढून ठेवल्यासारखं झालं. मी दुकानात जायचो आणि यायचो. रविवार आला की घरात दोन माणसं आणि एक लांबलचक दुपार. तेव्हा मी ओट्सचा डबा काढला. हौस म्हणून नाही आणि आठवण म्हणूनही नाही. हातांना काम नसलं की माझे हात वेड्यासारखे गुडघे चोळत बसतात, म्हणून.

आईनं कृती कधी लिहून ठेवली नाही, आणि मी तिला विचारलं नाही. आयुष्यभर बाजूला बसून बघितलेलं होतं, पण बघणं निराळं आणि करणं निराळं. पहिल्या खेपेला मी लोणी वितळवून ओतलं. थापलं, भाजलं, आणि जे निघालं ते बूट घासायला वापरता आलं असतं. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त बाईंना नमुना नेऊन दिला. त्यांनी कवळी काढून ठेवली आणि म्हणाल्या, शिंपीभाऊ, हे खायचं आहे की पायरीखाली बसवायचं आहे? त्यांनीच मग सांगितलं की लोणी थंड असू द्या आणि बोटांच्या शेंड्यांनी ओट्समध्ये चोळा, तळहात लावू नका, तळहात गरम असतो. ते मला जमलं. बोटांच्या शेंड्यांवरच तर पोट भरलंय. लोणी, ओट्स, थोडा मैदा, साखर, चिमूट मीठ. चोळत राहायचं ते ओली वाळू हातातून सुटते तसं सुटेपर्यंत. निम्म्याहून जास्त खाली घालून वाटीच्या बुडानं दाबायचं. फळ साखर आणि लिंबू घालून शिजवायचं, चमचा फिरवला की पातेल्याच्या तळाला वाट दिसली पाहिजे आणि ती लगेच बुजता कामा नये. मग ते गार करायचं. गरम फळ ओतलं तर खालचा थर लापशी होतो. वरचा चुरा मात्र दाबायचा नाही, नुसता सोडायचा. आणि भाजून झालं की गार झाल्याशिवाय सुरी लावायची नाही. ही शेवटची गोष्ट शिकायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. गरम कापलं की सगळं भरभर चुरून जातं, आणि तू लाख शिंपी अस, तो चुरा काही शिवता येत नाही.

पहिल्यांदा मी तीनच कोपरे भरले. आईचा, तुझा, माझा. चौथ्या जागी काय घालायचं ते कळेना, म्हणून तिथे काहीच घातलं नाही. त्याचं असं झालं की माझ्या अंजिराचा आणि आईच्या सफरचंदाचा रस बांध फोडून त्या रिकाम्या जागेत उतरला आणि जळला. घरभर धूर. आई खोलीतून आली, खिडकी उघडली, ओव्हन बंद केला. मला वाटलं ती काही बोलेल. तिनं फडताळातून जर्दाळूची बरणी काढून ओट्यावर ठेवली आणि परत गेली. पुढच्या रविवारपासून मी चारही कोपरे भरायला लागलो. तसा ट्रे नीट भाजला गेला. एवढंच त्याचं कारण होतं, निदान मी स्वतःला तेवढंच सांगत होतो.

पण भरलेलं कुणी खायचं? सफरचंद आईपुढे ठेवायचो, ती थोडं खायची. अंजीर मी चहाबरोबर संपवायचो. तुझा कोपरा पार्सलानं तुझ्याकडे. जर्दाळू राहायचा. आईनं एकदा तो न बोलता कागदात बांधला आणि फ्रीजरमध्ये ठेवला. दुसऱ्या रविवारी मी बांधला, तिनं ठेवला. मग ती रीतच पडली. वरचा कप्पा भरला, मग खालचा. बर्फाचा ट्रे आम्ही बाहेर काढून टाकला. सकाळी चहाच्या आधी ती फ्रीजरचं दार उघडते, बघते आणि लावते. मी विचारलं नाही. दुकानात येणारी माणसं गेलेल्याचा कोट घेऊन येतात आणि म्हणतात, नुसता ब्रश मारून द्या, घालणारं कुणी नाही. मी ब्रश मारून देतो. घालणार कोण ते मी त्यांनाही विचारत नाही.

आणि मग तू आलीस. तुला सगळं माहीत आहे, तू तिथे होतीस, तरी मी जे बघितलं ते लिहितो. दुपारच्या बसनं तू उपाशी आलीस. आई आत पडली होती आणि मी तुझी बॅग ठेवत होतो. तू फ्रीजर उघडलास, सगळा कप्पा वड्यांनी भरलेला बघून हसलीस आणि म्हणालीस की बाबांनी कारखानाच काढलाय. एक पुडी सोडलीस, वडी तव्यावर गरम केलीस आणि उभ्याउभ्या घास घेतलास. वासानं आई बाहेर आली. इतके महिने जिचा आवाज दाराबाहेर जात नव्हता ती बाई ओरडली. “हात लावू नकोस त्याला! तो त्याचा आहे.”

तुझ्या तोंडातला घास तसाच होता. तू तो गिळलास, उरलेली वडी ताटलीत ठेवलीस, हात धुतलेस. आणि आईकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणालीस, “मी मेले की माझ्याही अशाच ठेवाल ना बाबा?”

 तू सकाळच्या बसनं गेलीस. मी थांब्यापर्यंत आलो, तू खिडकीतून नुसती मान हलवलीस. घरी येऊन ती अर्धी वडी मी कागदात बांधली आणि परत आत ठेवली. का, ते मला विचारू नकोस. टाकून देता आली नाही आणि खाताही आली नाही. रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही. त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाच्या पॅंटीचे दोन पाय वेगवेगळ्या उंचीचे केले, तेवढंच.

त्यानंतरही दर आठवड्याला तुझा कोपरा मी पाठवत राहिलो. पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून वरून पांढऱ्या कापडात शिवून पाठवतो, म्हणजे पोस्टात फुटायला नको. पोस्टातला कारकून माझे टाके बघून टर उडवतो. म्हणतो, काका, पुढच्या खेपेला काजं-बटणंही लावा, आमच्या साहेबांना कॉलरचं पार्सल फार आवडतं. मी म्हणतो, माप द्या. तेवढंच आठवड्यातून एकदा हसणं होतं. पार्सल मिळालं का असं फोनवर विचारतो तेव्हा तू ‘हो’ म्हणतेस. खाल्लंस का, ते मी विचारत नाही. एवढं मात्र खरं की एकही परत आलं नाही. त्या दोऱ्याला धरून मी बसलोय, दुसरं काय.

आता गेल्या रविवारचं. वड्या झाल्या, गार झाल्या. उचलायला गेलो तर कागद एका बाजूनं फाटला. आलुबुखार जरा पातळ राहिला होता, तो खाली झिरपून कागदाला चिकटला होता. नेहमी मी कागद दोन्ही बाजूंनी धरून सगळी लादी वर उचलतो आणि सरळ फळीवर ठेवतो. या खेपेला ट्रेवर फळी ठेवली आणि सगळं उलटं केलं. लादी पालथी फळीवर आली. कागद सोलला, खाच बघितली, खाचेचा कोपरा नेहमीसारखा वर डावीकडे घेतला आणि कापायला लागलो. माझ्यासारख्या जुन्या शिंप्यानं करू नये ती चूक इथे झाली. कापड पालथं टाकून कापलं की डावी बाही उजवी होते. शिकाऊ पोरांना हे मी जन्मभर ओरडून सांगितलं. पालथ्या लादीवर खाच जागच्या जागी धरली, तर आईचा कोपरा आईचाच राहतो आणि समोरचा माझा माझाच. तुम्हा दोघा भावंडांचे तेवढे एकमेकांच्या जागी जातात. फळांचे रंग दिसले असते तर कळलं असतं. पण डोळ्यांचं तुला सांगितलंच, आणि खरं सांगायचं तर मी बघतच नव्हतो. हात कापत होते, हात बांधत होते. एक पुडी आईच्या हातात दिली, तिनं ती आत ठेवली. दुसरी खोक्यात घालून शिवली आणि सोमवारी पोस्टात टाकली. कारकून म्हणाला, काका, आज टाका वाकडा पडलाय. मी म्हणालो, चालायचंच.

काल सकाळी मी दाढी करत होतो. आईनं हाक मारली. “अहो, इकडे या जरा.” किती दिवसांनी मारली ते सांगता यायचं नाही, पण अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून मी आलो. ती फ्रीजरपुढे उभी होती. सगळ्यांत वरच्या पुडीच्या कागदाला जांभळा डाग आला होता. जर्दाळूचा डाग पिवळा पडतो, जांभळा आलुबुखाराचा, हे मला डोळे नसतानाही कळतं. मला वाटलं, आता ती पुन्हा ओरडणार, त्याच्या जागी भलतंच ठेवलं म्हणून. मी तोंडातल्या तोंडात उलटं-सुलटं, खाच, कागद असलं काहीबाही सांगायला लागलो. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती त्या डागाकडेच बघत होती. मग म्हणाली, “हा ठकीचा आहे. काढा तो इथून. ती आहे अजून.”

मी काढला. हात गारठले होते तरी धरून उभा राहिलो, कुठे ठेवायचा ते सुचेना. तिनं माझ्या हातातून घेतला, सोडला आणि ताटलीत घालून खिडकीत उन्हाला ठेवला. आम्ही दोघं टेबलाशी बसलो. तो वितळायला लागला. मग तिच्या ध्यानात आलं. तुझा इथे असेल, तर तुझ्याकडे कुठला गेलाय. तिनं विचारलं, पार्सल पोचलं असेल का. मी म्हणालो, आज नाही तर उद्या. तिनं खिडकीतली ताटली उचलून टेबलावर आणली. मग म्हणाली, “असू दे. खाऊ दे तिला.” आणि तुझ्या आलुबुखाराचा एक कोपरा मोडून तिनं तोंडात टाकला. आंबट आहे म्हणाली. मी म्हणालो, तिला तसाच लागतो. फोन करायला मी उठलो तर म्हणाली, फोनवर नको, ती सगळ्याला हो म्हणते आणि ठेवते. लिहा.

तेव्हा ठके, हे पत्र त्या पार्सलासाठी. कापड उसवलंस आणि आत जर्दाळू निघाला, तर बापानं टोमणा मारला असं समजू नकोस. तुझ्या त्या दिवसाच्या बोलण्याचं हे उत्तर नाही. आंधळ्या शिंप्यानं लादी पालथी कापली, एवढंच आहे. परत पाठवू नकोस आणि जपूनही ठेवू नकोस. खा. आईनं खा म्हणून सांगितलंय. फ्रीजर रिकामा केला असं लिहिता आलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, पण तो तसाच आहे. आज सकाळीही तिनं दार उघडलं, बघितलं आणि लावलं. पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही. पण एक विचारायचं आहे. वर्षभर मी त्याच्या वड्या करतोय आणि त्या दिवशीच्या तुझ्या एका घासाखेरीज त्या कुणी चाखलेल्या नाहीत. त्या कशा होतात, हे या घरात कुणालाच माहीत नाही. साखर कमी पडते का, लिंबू जास्त होतं का, नीट शिजतं का, ते तूच सांगू शकशील. रविवारी फोन कर. मी दुकानात जाऊन बसणार आहे, रविवार असला तरी. फोन ती उचलेल, असं तिनंच ठरवलंय. तिला सांग.

तुझाच,
पाकीट घेऊन आता पोस्टाकडे निघालेला,
बाबा